शास्त्रीबुवा दुसऱ्या दिवशी काय करतात?

माझी नोकरी सोलापूरच्या कोर्टात, लघुलेखकाची. साहेब बोलतील ते उतरवून घ्यायचं, टाइप करायचं, सहीला ठेवायचं. संध्याकाळी सहानंतर मी नाटकवाला. निवृत्त होऊन आता बराच काळ झाला. या दोन कामांपैकी कोणत्या कामाने मला दुसरं शिकवलं ते नीट सांगता येणार नाही. एका नाटकापुरतं मात्र सांगता येईल. ते नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'भाऊबंदकी'. आमच्या हौशी संस्थेने ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या नटसंचात केलं. कधी स्पर्धेसाठी, कधी वर्गणीदारांसाठी, आणि एकदा तर गणेशोत्सवात, मंडळाच्या रोषणाईचा जनरेटर शेजारी धडधडत असताना.

नाटक 1909 सालचं. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते आणि खाडिलकर 'केसरी' सांभाळत होते. त्यांचं 'कीचकवध' पुढच्याच वर्षी सरकारने बंद केलं. 1907 साली सुरतेला काँग्रेस फुटली, तिची आठवण तेव्हा ताजी होती. अशा वेळी 'भाऊबंदकी' हे नुसतं नाव वाचूनही प्रेक्षकांच्या मनात काय काय आलं असेल! आमच्या संस्थेतली जुनी मंडळी नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि दुर्गा खोटे यांची आनंदीबाई यांच्याबद्दल अशा काही थाटात सांगत की आम्ही तालमीला उभे राहण्याआधीच निम्मे खचत असू.

गोष्ट सगळ्यांना शाळेपासून ठाऊक असते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला मारलं. काका राघोबादादा गादीवर आला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी काही आठवडे चौकशी केली, धागा थेट दादासाहेबांपर्यंत नेला आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही असं त्यांच्या तोंडावर सांगून पुणं सोडलं. 'प्रभात'ने 1944 साली 'रामशास्त्री' काढला, त्यातले गजानन जागीरदार पाहिलेले प्रेक्षक आमच्या सुरुवातीच्या प्रयोगांना हमखास असत. 'ध'चा 'मा' कधी होतो याची तर लोक वाटच पाहत. तो झाला की पहिल्या रांगेतून समाधानाचा एक हुंकार यायचा.

आता सोलापुरात पेशवाई उभी करायची म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागेल. आमच्यात बँकेतले होते, एसटीतले होते, शिक्षक होते, दोन वकील होते. घरी कन्नड बोलणारे निम्मे, पूर्व भागातले तेलुगू बोलणारे तीन-चार. तालमीला आले की सगळे सोलापुरी मराठी बोलत आणि पगडी चढवली की एकदम शनिवारवाड्यातलं. मधूनच एखाद्याची जीभ घसरायची आणि नाना फडणीस 'काय की' म्हणून मोकळे व्हायचे. एका संचात शास्त्रीबुवांचं काम करणारा माणूस पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होता. दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात राहून त्याचा आवाज आपोआप चढा झालेला. उच्चार मात्र लख्ख. संस्कृत शब्द तो ब्राह्मणी घरातल्या आमच्या बँकवाल्यापेक्षा स्वच्छ म्हणे, कारण त्याने ते कान देऊन शिकले होते.

या माणसाने एका रात्री तालीम थांबवली आणि विचारलं, "सर, शास्त्रीबुवा हे का करतेत?"

मी म्हटलं, "म्हणजे? न्यायाधीश आहेत. न्याय करतात."

"तसं न्हवं. माधवरावावर यांचा जीव होता. मारलाय तो त्याचा भाऊ. मग हा न्याय, का जीव?"

तालमीत असे प्रश्न विचारणाऱ्याला दिग्दर्शक साधारणपणे चहा आणायला पाठवतो. पण मी कोर्टातला माणूस. हेतू हा शब्द मी दिवसातून किती वेळा टाइप करत होतो त्याचा हिशेब नाही. नाटकात गेली कित्येक वर्षं आम्ही शास्त्रीबुवांचा हेतू गृहीत धरून चाललो होतो.

त्याचा मुद्दा समजून घ्यायला हवा. रामशास्त्र्यांचं आणि थोरल्या माधवरावाचं नातं नोकर-धन्याच्या पलीकडचं होतं. माधवराव तरुण असताना स्नानसंध्येत फार वेळ घालवू लागला, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्याला सुनावलं की राज्य करायचं असेल तर हे आवर, नाहीतर दोघे मिळून काशीला जाऊन बसू, अशी गोष्ट सांगतात. असं बोलायला न्यायासनाचा अधिकार पुरत नाही, जवळीक लागते. तो माधवराव 1772 साली क्षयाने गेला. त्याच्या मागे त्याचा धाकटा भाऊ काकाच्या माणसांनी कापला. अशा वेळी शास्त्रीबुवांच्या तोंडून देहान्त प्रायश्चित्त निघतं ते माधवरावाच्या प्रेमापोटी, की राज्याला न्यायाधीश लागतो म्हणून? वाक्य तेच राहतं. पहिल्या अर्थाने म्हटलं तर तो सूड होतो. दुसऱ्या अर्थाने म्हटलं तर निवाडा. आणि प्रेक्षकाला दोन्हीला टाळ्या वाजवता येतात, हीच खरी अडचण.

मी त्याला त्या रात्री एक उलटा प्रश्न दिला. खून माधवरावाने केला असता तर? शास्त्रीबुवांनी हेच सांगितलं असतं का? तो दोन दिवस तालमीला आला नाही. पाळी बदलली होती म्हणाला. तिसऱ्या दिवशी आला आणि सांगितलं, "सांगितलं असतं. पण मग पुणं सोडून गेले नसते. मेले असते."

हे उत्तर नाट्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

तोवर आमच्याकडे निवाड्याचा प्रवेश एका ठरावीक पद्धतीने होत असे. शास्त्रीबुवा उपरणं झटकून पुढे येतात, उजवा हात वर जातो, आवाज वरच्या पट्टीत, राघोबा कोलमडतो, पडद्यामागे नगारा. स्पर्धेच्या परीक्षकांनाही तो आवडे. माझ्या मनात मात्र काहीतरी खुपत राहायचं आणि ते काय ते कळायला कोर्टच लागलं. सत्र न्यायालयात मी जन्मठेपेचे निकाल ऐकले आहेत, आणि एखाद्या वेळी फाशीचाही. एकाही न्यायाधीशाने आवाज चढवला नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 235 (2) प्रमाणे दोषी ठरल्यावर आरोपीला शिक्षेबद्दल काय म्हणायचं आहे ते विचारावं लागत असे. तो बहुतेक वेळा म्हणतो, घरी म्हातारी आई आहे. साहेब ते लिहून घ्यायला सांगतात. मग काही क्षण काहीच होत नाही, पंख्याचा आवाज येतो, आणि साहेब शिक्षा सांगतात ती जवळजवळ पुटपुटल्यासारखी. एका साहेबांनी निकाल सांगून झाल्यावर मला चेंबरमध्ये बोलावलं आणि पंधरा मिनिटं कोणत्या तरी जुन्या फाइलबद्दल विचारत राहिले. ती फाइल निकाली निघालेली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

म्हणून मी शास्त्रीबुवांचा आवाज उतरवला. हात खाली. नगारा बंद. संस्थेत गहजब झाला. आमचा सगळ्यात मोठा टाळीचा प्रवेश मी मारला असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आमच्यातल्या दोन वकिलांनी माझी बाजू घेतली ती वेगळ्याच कारणाने. राघोबाचा बचाव त्यांना फार आवडला होता. मी 'धरावे' असं लिहिलं, 'मारावे' लिहिलं नाही, हा तो बचाव. एकजण म्हणाला, भारतीय दंड संहितेचं कलम 111 बघा, चिथावणी एका कृत्याची आणि घडलं दुसरं, तरी ते दुसरं कृत्य पहिल्याचा संभाव्य परिणाम असेल तर चिथावणारा सुटत नाही. दुसरा म्हणाला, हत्यारबंद गारदी पाठवून 'धरा' म्हणणाऱ्याला संभाव्य परिणाम कळत नव्हता असं कोण मानेल? त्या रात्री तालीम झालीच नाही, खटला चालला. राघोबा करणारा बँकवाला शेवटी म्हणाला, "मला जामीन तरी द्या, शेवटची बस निघून जाईल."

हसण्यावारी गेलं ते, पण त्यातून प्रयोग बदलला. शास्त्रीबुवा आता पुराव्याने बोलू लागले. आधी ते रागाने बोलत होते.

नारायणरावाच्या खुनाचे जे तपशील इतिहासात लिहून ठेवले आहेत, त्यांत दोन चाकरांची नावं येतात. एक चाफाजी टिळेकर, नारायणरावाचा सेवक. हातात हत्यार नसताना तो धावत आला, धन्याला मिठी मारून त्याच्या अंगावर पडला आणि त्याच्यासकट कापला गेला. दुसरा तुळाजी पवार, राघोबाचा सेवक. काकाला बिलगलेल्या पोराचा पाय धरून ओढणारा तो. एका खोलीत, एकाच घटकेला दोन नोकर आपापल्या धन्याचं काम करत होते. तुळाजीच्या मनात माधवरावाच्या वेळचा जुना राग होता असंही लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याची स्वामिनिष्ठा कुठे संपते आणि सूड कुठे सुरू होतो ते कोण सांगणार? निष्ठा ही सरळ चांगली गोष्ट आहे असं जे आपण लहानपणापासून ऐकतो, ते या खोलीत टिकत नाही. मी नटांना हे वाचून दाखवत असे. प्रयोगाच्या सुरुवातीला, मूळ संहितेला धक्का न लावता, मंद उजेडात फक्त दोन आकृत्या दाखवायचो. एक झाकणारी, एक ओढणारी. लोकांना ते कळायचं की नाही, देव जाणे. पण शास्त्रीबुवा करणाऱ्याला विंगेतून ते दिसायचं आणि मला तेवढं पुरे होतं.

आता त्या जॉबरबद्दल लिहायला हवं, कारण त्याच्याशिवाय हे सगळं पुस्तकी आहे.

त्याच्या कारखान्यात एका मुलाचा हात मागात गेला. मागाला संरक्षक जाळी नव्हती, आणि ती बसवायला हवी असं त्याने मालकाला आधी सांगितलेलं होतं. नुकसानभरपाईचा दावा कामगार न्यायालयात गेला. मालकाचं म्हणणं होतं की जाळी होती, मुलाने स्वतः काढली. पाहिलेला माणूस एकच, हा. आणि मालक कोण? ज्याच्या वडिलांनी याच्या बापाला आंध्रातून आल्यावर पहिलं काम दिलं, ज्याने याच्या मुलीच्या लग्नात दागिन्याचा खर्च उचलला, ज्याच्या घरी हा सणाला जेवायला जात असे. त्याची बायको घरी विड्या वळायची. मालकाने ठेवला नाही तर दुसरीकडे जॉबर म्हणून लागणं सोपं नव्हतं, कारण साक्ष देणारा माणूस कोणत्याच कारखानदाराला नको असतो.

तेव्हा आमच्या तालमी चालू होत्या. त्याने मला सल्ला विचारला नाही. मी कोर्टातला, त्यामुळे मीही विचारलं नाही, विचारू नये हे मला ठाऊक होतं. एवढंच दिसत होतं की निवाड्याच्या प्रवेशात तो दादासाहेबांकडे पाहत नाही, जमिनीकडे पाहतो. मी टोकलं तर म्हणाला, "बघवत नाही सर." मी ते तसंच ठेवलं.

साक्ष झाली. जाळी नव्हती असं त्याने सांगितलं. मुलाला पैसे मिळाले, याची नोकरी गेली. पुढे तो एका टॉवेलच्या कारखान्यात कमी पगारावर लागला. या गोष्टी सोलापुरात घडतात, यात नवल नाही. मला लक्षात राहिली ती त्यानंतरची गोष्ट. वर्षभराने त्या मालकाची आई वारली. हा गेला, अंत्ययात्रेत खांदा दिला आणि तेराव्याला पानं वाढली. कारखान्यातल्या लोकांना त्याचं काही कळेना. साक्ष दिलीस ना विरुद्ध, मग आता इथे कशाला? तो म्हणाला, "ते कोर्टातलं झालं. म्हातारीनं मला लहानपणी जेवू घातलंय."

मी तोवर निष्ठा आणि कर्तव्य यांना तागडीच्या दोन पारड्यांसारखं समजत होतो, एक वर गेलं की दुसरं खाली. त्या माणसाचं एकही पारडं खाली गेलं नव्हतं. त्याने मालकाबद्दलची माया टाकून दिली म्हणून त्याला खरं बोलता आलं, असं काही झालं नाही. माया तशीच ठेवून तो खरं बोलला आणि मग त्याची किंमत भरली.

तेव्हापासून मी हेतूचा शोध वाक्यात घेणं सोडलं. माणूस दुसऱ्या दिवशी काय करतो ते पाहू लागलो. शास्त्रीबुवांच्या बाबतीत ते पाहणं सोपं आहे. निवाडा देऊन ते पुण्यात थांबले नाहीत, वाईजवळच्या गावी निघून गेले. राघोबाविरुद्ध कट उभा राहिला, तो बारभाईंचा. त्या कटातला त्रिंबकराव मामा पेठे हा माधवरावाच्या काळातला नामांकित सरदार. 1771 साली मोती तलावच्या लढाईत हैदरअलीला त्याने हरवलं होतं. तो फौज घेऊन राघोबावर चालून गेला आणि मार्च 1774 मध्ये कासेगावला हरला, जखमी होऊन पकडला गेला आणि मेला.

हे कासेगाव आमच्या जिल्ह्यातलं, पंढरपूर तालुक्यातलं. एका संचातल्या सगळ्यांना मी एका रविवारी तिथे नेलं. पंढरपूरला विठ्ठलाचं दर्शन घेतलं आणि तसेच पुढे गेलो. द्राक्षांचे मांडव, ऊस, पाटाचं पाणी. लढाईची खूण आम्हाला काही दिसली नाही. बांधावर बसून शेंगाचटणी-भाकरी खाताना मी सांगितलं की त्रिंबकमामा इथे पडला. राघोबा करणारा म्हणाला, म्हणजे मामा शास्त्रीबुवांपेक्षा मोठा, त्याने तर जीव दिला! यावर परतीच्या एसटीत सांगोपांग भांडण झालं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे. मामाने जे केलं ते घराण्यावरच्या निष्ठेपोटी, आणि ते थोर आहे. पण निवाडा देणाऱ्याने तलवार उचलली असती तर निवाडाच खोटा पडला असता. मागे वळून लोक म्हणाले असते, बघा, हा आधीपासून त्यांच्याच बाजूचा. शास्त्रीबुवा कटात गेले नाहीत, गावी जाऊन बसले. कारभाऱ्यांनी पुढे बोलावलं तेव्हा आले ते पुन्हा न्यायाधीश म्हणूनच. त्या रिकाम्या बसण्यात मला त्यांच्या हेतूचा पुरावा दिसतो.

सगळ्यांना हे पटत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात आमचा एक प्रयोग झाला, त्यानंतर एक वृद्ध गृहस्थ रंगपटात आले. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हे नाट्यगृह ज्यांच्या नावाचं आहे ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले. मे 1930 मध्ये शहरात गोळीबार झाला, लोक उसळले, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. गांधी टोपी घालणं आणि तिरंगा हातात धरणं हेसुद्धा गुन्हे ठरले. मंगळवार पेठेतल्या दोन पोलिसांच्या हत्येचा आरोप या चौघांवर ठेवला होता. ते निर्दोष होते असं सोलापूर आजही मानतं.

ते गृहस्थ म्हणाले, माझे वडील तेव्हा पोलिसात होते. साधे शिपाई. घरात आई म्हणायची, खाल्ल्या मिठाला जागले. गल्लीत वेगळंच म्हणायचे. मी काही बोललो नाही. ते शास्त्रीबुवा करणाऱ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या शास्त्रीबुवांना राजीनामा देऊन जायला गाव होतं. माझ्या वडिलांना कुठं होतं?" त्याच्या चेहऱ्यावर अजून रंग होता, पगडी हातात. त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि दोघे बराच वेळ बोलत बसले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, सेट उतरवायचा होता आणि नाट्यगृहाची वेळ संपत आली होती. पण त्या प्रश्नाने माझ्या सिद्धांताला एक भोक पाडलं, ते अजून बुजलेलं नाही. दुसऱ्या दिवशी काय करायचं हे निवडण्याची सोय सगळ्यांना सारखी नसते. पदवाल्यांच्या शोकांतिका लिहिल्या जातात. शिपायाचं नाटक अजून कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मधल्या काळात आमची संस्था फुटली. 'भाऊबंदकी' करणारी संस्था फुटणारच, असा विनोद तेव्हा गावात चालला होता. कपडेपट कोणाचा यावरून वाद, पगड्या एका गटाकडे आणि अंगरखे दुसऱ्याकडे. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

उत्तरायुष्यात एका महाविद्यालयातल्या मुलांना घेऊन शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मधले काही प्रवेश मराठीत केले. 1599 च्या सुमाराचं हे नाटक, इंग्रजीवाल्यांना तोंडपाठ. मुलांना वाटलं होतं ब्रूटस म्हणजे रोमचा रामशास्त्री. मित्रावर प्रेम, पण देशावर अधिक, म्हणून मित्राला मारलं. वाचायला लागल्यावर मात्र ब्रूटस त्यांच्या हातातून निसटू लागला. सीझरने अजून काहीच केलेलं नाही हे ब्रूटस स्वतःशी कबूल करतो. राजा झाल्यावर तो बिघडेल, एवढ्या अंदाजावर तो त्याला मारतो. म्हणजे गुन्हा घडण्याआधी शिक्षा. एक मुलगी पटकन म्हणाली, "याला तुमच्या कोर्टात कोण विचारेल?" शिवाय त्याच्या खिडकीतून आत पडणारी नागरिकांची पत्रं कॅसियसने रचलेली. सार्वजनिक कर्तव्याची हाक म्हणून तो जी ऐकतो, ती एका असूयाग्रस्त मित्राची कारागिरी आहे.

आणि मग चौथ्या अंकातलं भांडण. कॅसियसच्या लाचखोरीवर ब्रूटस त्याला झोडपतो, आणि त्याच दमात तक्रार करतो की मला सैन्याला द्यायला पैसे हवे होते ते तू पाठवले नाहीस, मला काही वाईट मार्गाने पैसे उभे करता येत नाहीत. म्हणजे वाईट मार्ग तू धर, पैसे मला दे! मुलं खो खो हसली. सोलापुरातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, प्रत्येकाने गल्लीत एखादा असा स्वच्छ हातांचा पुढारी पाहिलेला असतो.

अँटनीचं त्याहून भयंकर. मित्राच्या प्रेताशेजारी उभा राहून त्याचं मृत्युपत्र वाचून दाखवतो, लोक रडतात, पेटतात, शहर जाळायला धावतात. त्या गर्दीत सिना नावाचा एक कवी सापडतो. कटवाल्या सिनाशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव तेच म्हणून लोक त्याला फाडतात. आणि त्याच्या लगेच पुढच्या प्रवेशात अँटनी काय करत असतो? कोणाला मारायचं त्याची यादी. त्यात आपल्या भाच्याच्या नावापुढे तो खूण करतो आणि वर म्हणतो, सीझरचं ते मृत्युपत्र आणा, देण्याच्या रकमा कशा छाटता येतील ते पाहू. त्याचं सीझरवरचं प्रेम खोटं होतं असं मला वाटत नाही. प्रेम खरं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते वापरलं.

'भाऊबंदकी'मध्ये आम्हाला जे वर्षानुवर्षं चाचपडत सापडलं, ते या मुलांना एका पावसाळ्यात सापडलं. त्यांचा ब्रूटस आमच्या पहिल्या शास्त्रीबुवांसारखा गरजला नाही. खून झाल्यावर तो हात धूत राहिला आणि लोकांसमोर जाताना सदऱ्याची घडी नीट केली. हे त्या पोराने स्वतः बसवलं होतं.

लोक प्रयोगानंतर नेहमी विचारायचे की मग पुढे दादासाहेबांचं काय झालं? उत्तर निराशाजनक आहे. नारायणरावाची विधवा गंगाबाई पुरंदरावर एप्रिल 1774 मध्ये बाळंत झाली, सवाई माधवराव जन्मला आणि राघोबाची गादी गेली. तो इंग्रजांना जाऊन मिळाला, युद्धं झाली आणि शेवटी डिसेंबर 1783 मध्ये कोपरगावला नैसर्गिक मरणाने मेला. देहान्त प्रायश्चित्ताची अंमलबजावणी कोणीच केली नाही. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव 1796 साली पेशवा झाला आणि 1818 साली राज्य बुडालं. शास्त्रीबुवा 1789 मध्ये गेले, हे पुढचं पाहायला ते नव्हते.

'भाऊबंदकी' आता फारसं कोणी करत नाही. मोठं नाटक, मोठा कपडेपट, भाषा जड. तरुण संस्थांना माझं सांगणं आहे की ते काढा. दोन-सव्वादोन तासांत बसवलेली आमची रंगावृत्ती, हालचालींच्या आणि प्रकाशाच्या नोंदींसकट, माझ्याकडे आहे. मागणाऱ्याला मी ती विनामूल्य देतो. पगड्यांचं मात्र तुमचं तुम्ही बघा, त्या दुसऱ्या गटाकडे आहेत.